लग्नाचा फोटोग्राफर निवडताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी पुण्यात लग्नाचे अल्बम डिझाइन करते. वेगवेगळ्या फोटोग्राफरांकडून काम येतं. एकेका लग्नाचे दोन-तीन हजार फोटो एकाच फोल्डरमध्ये असतात. अल्बम लावायला बसलं की कुठला क्षण सुटलाय हे लगेच कळतं, आणि तोवर उशीर झालेला असतो. त्यामुळे घरात कार्य ठरलं की ओळखीचे लोक आधीच फोन करतात. ते जे विचारतात ते इथे एकत्र केलं आहे.

फोटोग्राफर कधी बघायला लागायचं?

कार्यालय आणि तारीख पक्की झाली की त्याच आठवड्यात. आषाढी एकादशीपासून कार्तिकी एकादशीपर्यंत, चातुर्मासात, बहुतेक घरांत लग्नं लावत नाहीत. तुळशीचं लग्न झालं की हंगाम सुरू होतो, मधला पौष पुष्कळ जण टाळतात. उरलेल्या महिन्यांतले मुहूर्त मोजकेच असल्यामुळे अर्ध्या गावाची लग्नं एकाच दिवशी येतात. मुहूर्त रविवारी असेल किंवा मे महिन्यातला असेल तर सात-आठ महिने आधी ठरवा. आडवारी असेल तर तीन महिन्यांतही चांगला माणूस मिळतो.

इन्स्टाग्रामवरचं काम फार आवडलं. तेवढ्यावर ठरवलं तर चालेल?

नाही. तिथे दिसतात ते अनेक लग्नांमधले निवडक, सर्वांत चांगले फोटो. तुम्ही पैसे देणार आहात ते एका लग्नाच्या सकाळपासून रात्रीपर्यंतच्या कामाचे. म्हणून भेटायला गेलात की एकच गोष्ट मागा : अलीकडच्या एका लग्नाचे सगळे फोटो, त्या घरच्यांना दिले तसेच, पहिल्यापासून शेवटपर्यंत. तुमच्याच कार्यालयातलं लग्न असेल तर उत्तम. लोकांचे खासगी फोटो म्हणून लिंक पाठवणार नाही असं कुणी म्हटलं तर ते योग्यच आहे. पण स्टुडिओत बसवून दाखवायला हरकत नसावी. तेही जमणार नाही म्हणाले तर दुसरा बघा.

आता त्या फोल्डरमध्ये काय बघायचं? सगळ्यात आधी अंतरपाट. शेवटचं ‘सावधान’ होतं, वाजंत्री सुरू होते, अंतरपाट बाजूला होतो आणि दोघं एकमेकांकडे बघतात. सगळा खेळ चार-पाच सेकंदांचा असतो. त्याच वेळी अक्षता उडत असतात, मामा-करवल्या मागून दाटी करतात आणि पाहुण्यांचे मोबाइल वर गेलेले असतात. त्या चार सेकंदांतला दोघांचेही चेहरे दिसणारा एक स्वच्छ फोटो त्या लग्नात आहे का? नसेल तर बाकीचे कितीही सुंदर असोत, माझं मत खाली येतं. हार घालतानाचा फोटो हवा तर नंतर पुन्हा काढता येतो. हा क्षण पुन्हा घडवता येत नाही.

दुसरं, मुंडावळ्या. मोती पांढरे दिसतायत का बघा. कार्यालयात छताला पांढरे दिवे असतात, स्टेजवर पिवळे फोकस, मागे डेकोरेशनवाल्याची जांभळी नाहीतर गुलाबी पट्टी. या सरमिसळीत रंग सांभाळणं कठीण असतं. मोती निळे किंवा पिवळे आले असतील तर चेहऱ्याचा आणि शालूचा रंगही खरा आलेला नाही असं समजा. दुकानं पालथी घालून निवडलेला शालूचा रंग फोटोत भलताच दिसला की नवरीला किती वाईट वाटतं ते मी पाहिलं आहे. स्वस्त एलईडी दिव्यांखाली आणखी एक घोटाळा होतो : फोटोत आडवे काळपट पट्टे येतात. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे असे दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात, आणि कॅमेऱ्याच्या शटरची गती त्याच्याशी जुळवली नाही की पट्टे उमटतात. असे पट्टे दिसले तर दिवे बघून कॅमेरा लावायची सवय त्या माणसाला नाही.

तिसरं, लाजाहोम. धुरावर सरळ फ्लॅश मारला की धूरच उजळतो आणि नवरा-नवरी पांढुरक्या पडद्याआड जातात. जाणता फोटोग्राफर फ्लॅश बाजूने देतो किंवा बंदच ठेवतो.

आणि शेवटचं, नवरा-नवरी नसलेले फोटो बघा. खुर्चीत बसलेली आजी, पंगतीत आग्रह करणारे काका, कोठीच्या खोलीत डोकं धरून बसलेली मुलीची आई. अल्बमची पानं उलटताना लोक ज्या पानावर थांबतात ती बहुतेक वेळा हीच असतात. फोटोग्राफरची नजर इथे कळते.

कँडिड घ्यायचं की ट्रॅडिशनल?

कँडिड म्हणजे नकळत टिपलेले फोटो, ट्रॅडिशनल म्हणजे उभं करून, समोर बघायला लावून काढलेले. घ्या दोन्ही. पैसे एकाच माणसापुरते असतील तर दोन्ही येणारा माणूस घ्या. ‘आम्हाला फक्त कँडिड हवं’ म्हणणारी मुलं-मुली लग्नानंतर महिन्याभराने विचारतात की चुलत घराण्याचा सगळ्यांचा मिळून फोटो का नाही. आणि फक्त ट्रॅडिशनल घेतलं की आहेराच्या रांगेचे चारशे फोटो येतात, सगळ्यांत नवरा-नवरी त्याच जागी, तसंच हसत उभे. अल्बमला दोन्ही लागतं. आई-वडिलांना समोर बघणारे चेहरे हवे असतात, तो त्यांचा हट्ट नसून साधी इच्छा आहे. ती मोडीत काढू नका.

माणसं किती लागतात?

एकाच हॉलमधलं, दोनशे-अडीचशे पाहुण्यांचं, एका दिवसात उरकणारं लग्न असेल तर दोन फोटोग्राफर आणि एक व्हिडिओवाला पुरतो. दोन फोटोग्राफर अशासाठी की अंतरपाटाच्या दोन बाजू असतात. एक जण एकाच बाजूला उभा राहू शकतो. शिवाय नवरी आत गौरीहराशी बसलेली असते तेव्हा नवरा बाहेर मांडवाच्या दारात असतो.

निकाह असेल तर दोघं बरेचदा वेगवेगळ्या खोल्यांत असतात आणि कबुली दोन्हीकडे घेतली जाते. तिथेही एका माणसाचं काम नाही.

सहा-सात जणांची टीम, क्रेन, दोन गिंबल (कॅमेरा हलू न देणारे दांडे) हे मोठ्या लॉनवर ठीक. छोट्या कार्यालयात स्टेजसमोर त्यांचीच भिंत उभी राहते. पाहुण्यांना लग्न दिसत नाही, ते समोरच्या स्क्रीनवर बघावं लागतं. माणसं वाढवण्याआधी कार्यालयाचं स्टेज किती रुंद आहे ते एकदा मोजून या.

आमच्या पद्धतीची लग्नं त्याने केलेली नसतील तर?

तर त्याला आधी सांगावं लागेल, आणि नीट सांगावं लागेल. कॅमेरा उत्तम चालवणारा पण विधी ठाऊक नसलेला माणूस क्षण झाल्यावर पोचतो. कानपिळी घ्या. लाजाहोमाच्या वेळी नवरीचा भाऊ पुढे येऊन नवऱ्याचा कान पिळतो, मानपान होतो, संपलं. ज्याला हे येणार हे माहीत नाही तो तेव्हा लेन्स बदलत असतो. तेच सूनमुखाचं : सासू सुनेचा चेहरा आरशात बघते, तो आरशातला चेहरा पकडायला सासूच्या खांद्यामागे आधीच जागा घ्यावी लागते. ‘झाल’ हा विधी असतो तेव्हा सुपलीतले पेटते दिवे डोक्यावर धरलेले असतात, तो प्रकाश फ्लॅशने मारून टाकायचा नसतो. घरी गेल्यावर माप ओलांडताना कॅमेरा उंबऱ्याच्या आत, जमिनीलगत हवा, आणि तिथे बहुतेक वेळा कुणीच नसतं, कारण टीमचे तास कार्यालयातच संपलेले असतात. गृहप्रवेश पॅकेजमध्ये आहे का, हे आधीच विचारा.

बौद्ध पद्धतीचं लग्न असेल तर दोन गोष्टी वेगळ्या. विधी थोड्या वेळात आटोपतो. त्रिसरण, पंचशील, प्रतिज्ञा, हार, आणि झालं. उशिरा पोचणाऱ्याला काही मिळत नाही. आणि वधू-वर पांढऱ्या कपड्यांत असतात. पांढऱ्या कपड्यांवर कॅमेरा आपोआप चुकतो, एक तर चेहरे काळपट येतात नाहीतर पांढऱ्यातली सगळी वीण उडून जाते. अशा लग्नाचे पूर्ण फोटो दाखवा म्हणावं. गोव्यातल्या ख्रिस्ती लग्नात आदल्या दिवशीचा रोस असतो, नारळाच्या दुधाने न्हाऊ घालतात. तिथे कॅमेरा वाचवत वाचवत फोटो काढावे लागतात. हळदीलाही तेच. हळद समारंभ पिवळ्या कापडाच्या मांडवाखाली ठेवलात तर सगळ्यांचे चेहरे कावीळ झाल्यासारखे येतात. वरचं कापड पांढरं ठेवा, बाजूचं कुठलंही चालेल.

कुठलीही पद्धत असो, गुरुजींकडून किंवा घरातल्या जाणत्या बाईकडून विधींचा क्रम एका कागदावर लिहून घ्या आणि तो टीमला चार दिवस आधी द्या. याला पैसे पडत नाहीत आणि याच्याइतका उपयोग दुसऱ्या कशाचा होत नाही.

पहिल्या भेटीत काय विचारावं?

पहिला प्रश्न : त्या दिवशी कॅमेरा कुणाच्या हातात असेल? स्टुडिओ एकाच्या नावाचा असतो आणि लग्नाला दुसराच येतो, हे सर्रास चालतं. त्यात फसवणूकच असते असं नाही, मोठ्या स्टुडिओंकडे चांगले सहकारी असतात. पण मग तुम्हाला त्या सहकाऱ्याचं काम दाखवायला हवं, मालकाचं नव्हे. येणाऱ्या माणसाचं नाव करारात घाला.

दुसरा : कॅमेऱ्यात एकाच वेळी दोन कार्डांवर फोटो उतरतात का? दोन स्लॉटचे कॅमेरे आता सर्रास मिळतात. एक कार्ड बिघडलं तरी दुसऱ्यावर सगळं राहतं. या प्रश्नावर जो चिडतो त्याच्याकडे असा कॅमेरा बहुधा नसतो.

तिसरा : आजारी पडलात तर कोण येणार?

आणि बोलता बोलता एक बघा. तो तुम्हाला प्रश्न विचारतो का? मुहूर्त किती वाजता, गोरज आहे का, कार्यालय कुठलं, घरात आजारी किंवा अगदी म्हातारं कुणी आहे का, कुणाचं कुणाशी बोलणं नाही. हे विचारणारा माणूस लग्नाला येतोय. फक्त पॅकेजचे आकडे सांगणारा नुसतं काम घ्यायला आलाय. गोरज मुहूर्ताचं विचारलं तर फारच चांगलं, कारण लॉनवर त्या वेळी उजेड दर मिनिटाला कमी होत जातो आणि फ्लॅश परतवायला वर छतही नसतं.

कोटेशन कसं वाचायचं? एकाचा आकडा दुसऱ्याच्या तिप्पट असतो.

एकूण आकडा बाजूला ठेवा. किती माणसं, किती तास, कुठले कुठले कार्यक्रम, हातात काय मिळणार, या चार रकान्यांत दोन्ही कोटेशनं मांडा. स्वस्त वाटणाऱ्यात अल्बमची शीटं वीसच असतात, जास्तीच्या शीटचे पैसे वेगळे. हळद धरलेली नसते. ‘पूर्ण दिवस’ म्हणजे आठ तास असतात आणि तुमची वरात सुरू होते दहाव्या तासाला. गावाकडे लग्न असेल तर प्रवास आणि राहण्याचा खर्च कुणाचा ते लिहून घ्या.

जीएसटी विचारा. सेवा देणाऱ्याची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या वर गेली की नोंदणी करावी लागते आणि फोटोग्राफीवर १८ टक्के कर बसतो. लाखभराच्या कामावर शेवटच्या दिवशी १८ हजार वाढले की घरात वाद होतात. कोटेशन करासह आहे की कर सोडून, हे पहिल्या भेटीतच स्पष्ट करा.

टीमच्या जेवणाचंही केटररला आधीच सांगा. पहाटे सहापासून उभी असलेली माणसं चार वाजता उरलेलं जेवण शोधत फिरतात, हे मला मुळीच पटत नाही. पहिल्या पंगतीनंतर त्यांना बसवा, त्या वेळी तसंही काही घडत नसतं.

ॲडव्हान्स किती द्यावा?

तारीख धरून ठेवायला थोडी रक्कम, लग्नाच्या दिवशी मोठा हिस्सा आणि अल्बम हातात आल्यावर शेवटचा. शेवटचा हप्ता निदान वीस-पंचवीस टक्के ठेवा. सगळे पैसे आधी देऊन बसलात तर अल्बमसाठी फोन करत राहावं लागतं. पैसे बँकेतून किंवा यूपीआयने द्या, म्हणजे पुरावा राहतो.

लेखी करार कशाला? ओळखीतलाच आहे.

ओळखीतला असेल तर जास्तच गरज आहे, कारण ओळखीत पुढे बोलता येत नाही. एक पान पुरे : तारखा, वेळा, ठिकाणं, येणाऱ्यांची नावं, काय आणि कधी मिळणार, रद्द झालं तर पैशांचं काय, लग्नाची तारीख पुढे गेली तर काय.

हक्कांबद्दल लोकांना माहिती नसते म्हणून मुद्दाम लिहिते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे, पैसे देऊन कुणाकडून फोटो काढून घेतले तर पहिला मालक फोटो काढून घेणारा, म्हणजे तुम्ही. अट एकच : उलट करार झालेला नसावा. अनेक स्टुडिओंच्या छापील कागदावर नेमकी हीच उलट ओळ असते की सर्व हक्क स्टुडिओचे. सही करण्याआधी ती शोधा. फोटोग्राफरने आपलं काम दाखवण्यासाठी काही फोटो वापरणं रास्त आहे, त्याचा व्यवसाय त्यावर चालतो. पण कुठले वापरायचे ते तुम्हाला विचारून. हळदीच्या अंघोळीचे, पाठवणीला रडतानाचे, लहान मुलांचे फोटो सोशल मीडियावर नको असतील तर तसं करारात लिहा. मी तरी पाठवणीचे फोटो विचारल्याशिवाय कुठेच जाऊ देणार नाही.

रॉ फाइली मागाव्यात का?

फोटोंच्या रॉ फाइली, म्हणजे कॅमेऱ्यातून निघालेल्या कच्च्या मूळ फाइली, बहुतेक जण देत नाहीत आणि त्या घरी उघडूनही फारसा उपयोग नाही. त्याऐवजी न निवडलेले सगळे फोटो जेपेगमध्ये मागा, रंग न सुधारलेले असले तरी चालतील. त्यातच कुणातरी आत्याचा एकमेव फोटो निघतो. व्हिडिओचं मूळ चित्रण हवं असेल तर स्वतःची हार्ड डिस्क आधीच द्या. ४-के चित्रण १०० मेगाबिटच्या दराने केलं तर तासाला ४५ जीबी होतं. दोन कॅमेरे, चार तास म्हणजे ३६० जीबी. कुठलाही स्टुडिओ एवढं वर्षानुवर्षं सांभाळणार नाही.

प्री-वेडिंग करायचं का?

हवं असेल तर करा. एक खरा फायदा आहे : लग्नाआधी एक दिवस त्या माणसाबरोबर काम होतं, आणि कॅमेऱ्यासमोर अवघडणारी मुलं-मुली मोकळी होतात. पण त्यासाठी लग्नातला दुसरा फोटोग्राफर कापत असाल तर करू नका.

गडावर करायचं ठरवत असाल तर आधी परवानगीचं बघा. रायगड, शिवनेरी, लोहगड यांसारखे गड संरक्षित स्मारकं आहेत, जुलै २०२५ मध्ये राज्यातले अकरा किल्ले आणि तमिळनाडूतला जिंजी जागतिक वारसा यादीत गेले. तिथे व्यावसायिक चित्रण असं उठून करता येत नाही. आणि परवानगीच्या पलीकडचंही सांगते. गडावर समाधी आहे, देऊळ आहे, लोक अनवाणी दर्शनाला आलेले असतात. तिथे गाऊन उडवत फेऱ्या मारणं मला बघवत नाही. गावाकडची विहीर, आजोळचं अंगण, शिकला ते कॉलेज, रोजची बस, हे फोटो जास्त काळ आवडतात.

ड्रोन घ्यावा का?

लॉन किंवा समुद्रकिनारी लग्न असेल तर वरून दोन-चार दृश्यं छान मिळतात. बंद कार्यालयात त्याचे पैसे देऊ नका. २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे २५० ग्रॅमपर्यंतचा नॅनो ड्रोन सोडला तर व्यवसायासाठी उडवणाऱ्याकडे रिमोट पायलटचं प्रमाणपत्र लागतं. चालू विमानतळाच्या हद्दीपासून ८ किलोमीटरच्या आत परवानगीशिवाय उडवता येत नाही. पुण्याच्या लोहगाव विमानतळाच्या आसपासची आणि मुंबई विमानतळाभोवतीची कितीतरी कार्यालयं यात येतात. मुंबई पोलीस वेळोवेळी बंदीचे आदेशही काढतात. प्रमाणपत्र दाखवा म्हणावं, आणि मंगलाष्टकं चालू असताना ड्रोन खाली ठेवायला सांगा. त्याच्या घरघरीत गुरुजींचा आवाज ऐकू येत नाही, व्हिडिओतही तीच घरघर येते.

गुरुजी आणि फोटोग्राफर यांची जुंपते. काय करावं?

‘गुरुजी, एकदा परत’ हे वाक्य तुमच्या लग्नात उच्चारलं जाणार नाही असं आधीच ठरवून टाका. मंगळसूत्र दोनदा घालायला लावणं, सप्तपदीचं पाऊल हवेत थांबवून ठेवणं, मला हे अतिशय खटकतं. विधी चालू असताना दोघांनी एकमेकांकडे लक्ष द्यायचं असतं, ते कॅमेऱ्याकडे वळवलं की फोटोही खोटा येतो. दुसऱ्या बाजूने, गुरुजींनाही सांगता येतं : होमकुंडाच्या समोरची बाजू मोकळी ठेवा, कन्यादानाच्या वेळी नातेवाइकांना मागे उभं करा. लग्नाच्या सकाळी गुरुजी आणि मुख्य फोटोग्राफर यांची पाच मिनिटं गाठ घालून द्या. दोघांनीही अशी शेकडो लग्नं पाहिलेली असतात, एकमेकांना सांभाळून घेतात.

आपल्या बाजूने काय तयारी करायची?

दोन्हीकडून एकेक माणूस नेमा, जो सगळ्या नातेवाइकांना चेहऱ्याने ओळखतो आणि ज्याच्यावर त्या दिवशी दुसरं काम नाही. आत्येभाऊ किंवा मामेबहीण असली की उत्तम. फोटोग्राफरला तुमची सख्खी मावशी कोण आणि शेजारच्या काकू कोण हे कळणार नसतं. एकत्र फोटोंची यादी करा, वीस-बावीसच्या वर नको, आणि वयाने सर्वांत मोठ्यांपासून सुरुवात करा. त्यांना तासभर ताटकळत ठेवू नये, आणि दुपारी जेवून ते घरी गेले की तो फोटो राहतोच. एका अल्बममध्ये नवरीला लहानाची मोठी केलेल्या आत्याचा एकही सरळ फोटो मला सापडला नव्हता. त्या दिवसभर आहेराच्या पिशव्या सांभाळत बसल्या होत्या. मागच्या रांगेतून कापून मोठा केलेला धूसर फोटो शेवटी लावावा लागला.

मुहूर्ताच्या वेळी मोबाइल खाली ठेवायची विनंती सूत्रसंचालकाकडून किंवा गुरुजींकडूनच करून घ्या. गुरुजींचं ऐकतात.

कार्यालयवाले म्हणतात आमचाच फोटोग्राफर घ्या. घ्यावा लागतो का?

बुकिंग करताना जे सही केलंत त्यावर अवलंबून आहे. म्हणून बुकिंगआधी विचारा. काही ठिकाणी बाहेरच्या टीमला वेगळी रक्कम लावतात. कार्यालयाचा माणूस वाईटच असतो असं अजिबात नाही, त्याला तिथला प्रत्येक दिवा माहीत असतो. त्याचंही एक पूर्ण लग्न बघा आणि मग ठरवा.

अर्धं घर अमेरिकेत आहे. लाइव्ह दाखवायचं आहे.

मुहूर्त दुपारी साडेबाराचा असेल तर हिवाळ्यात न्यू जर्सीत पहाटेचे दोन वाजलेले असतात. हौसेने जागणारे जागतील, बाकीच्यांसाठी तीच लिंक नंतर बघता येईल अशी ठेवा. कार्यालयाच्या वायफायवर विसंबू नका. टीमने दोन वेगळ्या कंपन्यांची सिमकार्डं आणावीत आणि आठवडाभर आधी तिथे जाऊन अपलोडचा वेग बघावा. आवाज गुरुजींच्या माइकवरून घ्यायला सांगा. चित्र थोडं अडखळलं तरी चालतं, मंगलाष्टकं ऐकू आली नाहीत तर आजी नाराज होते.

तुम्ही स्वतः परदेशातून फोटोग्राफर ठरवत असाल तर व्हिडिओ कॉलवर पूर्ण लग्न दाखवायला सांगा आणि प्रत्यक्ष भेटीला इथल्या कुणाला तरी पाठवा.

फोटो कधी मिळायला हवेत?

मोजके पंधरा-वीस दोन-तीन दिवसांत, सगळे साधारण महिना-दीड महिन्यात, अल्बम तुम्ही निवड करून दिल्यावर दीड-दोन महिन्यांत. निवड द्यायला घरचेच सहा महिने लावतात, तेव्हा तीही तारीख स्वतःला घालून घ्या.

सुरुवातीच्या मोजक्या फोटोंत विधी स्पष्ट दिसणारे तीन-चार मागून ठेवा. विवाह नोंदणी लग्नापासून ९० दिवसांत केली तर उशिराचं शुल्क लागत नाही, आणि तिथे पत्रिकेबरोबर लग्नाचा फोटो मागतात. जोडीदाराच्या व्हिसासाठीही लागतात. त्यात दोघांचे चेहरे मुंडावळ्यांआड जाता कामा नयेत.

अल्बम कसा ठरवायचा?

१२ बाय ३६ इंचांचा मोठा करिझ्मा अल्बम (जाड पानांवर थेट छापलेला) दिसायला भारी, पण जड असतो आणि मांडीवर मावत नाही. आजी-आजोबांसाठी एक छोटा वेगळा करा. एका शीटवर सरासरी पाच फोटो धरले तर चाळीस शीटांत दोनशे बसतात, त्याहून जास्त कोंबू नका. मागे किल्ले, ढग, गुलाब जोडायला मी नकार देते. लोक सुरुवातीला खट्टू होतात, पण फोटो चांगला असेल तर त्याला सजावट लागत नाही.

बजेट फारच थोडं आहे.

ड्रोन, क्रेन, प्री-वेडिंग, टीझर, एलईडी वॉल, फोटो-बूथ, या क्रमाने कापत जा. अल्बमही पुढे वर्षभराने करता येतो, फाइली नीट ठेवा म्हणजे झालं. शेवटी उरायला हवेत ते मुहूर्ताच्या वेळचे दोन चांगले फोटोग्राफर, चार तासांसाठी का होईना. नव्याने काम सुरू केलेली, कुणा जाणत्याच्या हाताखाली दोन हंगाम काढलेली मुलं कमी पैशांत जीव ओतून काम करतात. त्यांचंही एक पूर्ण लग्न बघूनच ठरवा.

पैसे घेतले आणि फोटो दिलेच नाहीत, तर?

आधी ईमेलवर किंवा व्हॉट्सॲपवर मुदत घालून लेखी मागा, फोनवर भांडू नका. मग नोटीस. तरीही काही झालं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, लग्न कुठेही झालेलं असो. दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, आणि तक्रार ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल होते. मुदत दोन वर्षांची आहे. करार, पैसे दिल्याच्या नोंदी आणि सगळे मेसेज जपून ठेवा.